मनगटावरचा वायरलेस

दिनकर भावजींचा मला अजूनही राग येतो. माणूस इतका सज्जन, की त्याच्यावर रागवायचं तर कारण हुडकावं लागेल. मी ते हुडकलंय, आणि इतकी वर्षं झाली तरी सोडलेलं नाही.

परवा सुनेनं टीव्हीवर कुठलीशी पुढच्या काळातल्या पोलिसांची मालिका लावली होती. उडत्या गाड्या, बोलणारी यंत्रं, एक खून. शेवटी तो इन्स्पेक्टर आणि त्याची ती एकमेकांकडे बघत उभे, आता काहीतरी बोलणार, तेवढ्यात भाग संपला. मी म्हटलं, "बंद कर गं ते आधी." सून बघतच राहिली. तिला वाटलं माझं डोकं दुखतंय. दुखत होतंच, पण त्याचं कारण बोईसरला आहे.

ऐंशीच्या आसपास आम्ही मिरजेकडून बोईसरला आलो. आमच्या ह्यांना औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. स्टेशनच्या पूर्वेला पत्र्याच्या चाळीत खोली मिळाली, आणि भिंतीपलीकडे दिनकर भावजी. जळगावकडचे, घरचे माळकरी, बिनलग्नाचे, वय बत्तीस-तेहेतीस. ह्यांच्याच कारखान्यात मीटर दुरुस्तीच्या खात्यात होते. उंच, किंचित वाकलेले, आणि घरातसुद्धा शर्टाच्या खिशाला पेन. बोलताना नजर समोरच्याच्या कानाशेजारच्या भिंतीवर. पहिले चार महिने मला वाटायचं माझ्यामागं पाल आहे.

हा माणूस पुस्तकं लिहायचा. साधीसुधी नाहीत, तर सन दोन हजार एकतीसमधल्या बोईसरच्या पोलिसांची. इन्स्पेक्टर उल्हास खारकर हा त्यांचा नायक. त्याची जीप जमिनीपासून वीतभर वरून चालायची, त्याच्या मनगटावर घड्याळाएवढा वायरलेस असायचा, आणि चौकीत एक विचारयंत्र होतं, ते संशयिताचा आवाज ऐकून खरं-खोटं सांगायचं. यंत्र हमखास चुकायचं आणि खारकर बरोबर निघायचा. त्याच्या जोडीला प्रेतांची तपासणी करणारी डॉक्टर कुमुद. शहाण्णव पानांची ती पिवळट कागदाची पुस्तकं गिरगावातला एक प्रकाशक छापायचा, आणि बोईसर, पालघर, डहाणूच्या सगळ्या भाड्याच्या वाचनालयांत ती हातोहात जायची.

कारखान्यातून तापमानाच्या नोंदीचे जुने गोल कागद रद्दीत निघत. बशीएवढे, मधे भोक असलेले. भावजी त्यांच्या पाठीवर लिहायचे, आणि कागद गोल म्हणून ओळी पण गोल. कडेपासून सुरू करून आत आत भोकापर्यंत. अक्षर म्हणजे डोंगळ्याचे पाय. प्रकाशकानं सांगितलं, असलं पुन्हा पाठवाल तर परत येईल. मग एके दिवशी भावजी दारात उभे राहून माझ्या कानाशेजारच्या भिंतीला म्हणाले, "वहिनी, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणे." झालं. त्या दिवसापासून मी त्यांची फुकटची कारकून. एका हातानं कागद भाकरीसारखा फिरवायचा आणि दुसऱ्या हातानं उतरवायचं. किती चपात्या करपल्या असतील त्याची गणती नाही.

पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. अहो, सगळ्यांना आवडायचं. चाळीतल्या बायकांना, ह्यांच्या पाळीतल्या वेल्डरना, वाण्याला. तेव्हा आमच्या आयुष्यात कशाचाच छडा लागत नसे. नळाला पाणी कधी येणार, कारखाना चालू राहणार की टाळं लागणार, काही कळायचं नाही. आणि खारकरच्या बोईसरात नव्वदाव्या पानाला गुन्हेगार सापडायचाच. वर शेवटच्या सहा पानांत खारकर आणि कुमुद समुद्रकाठी जायचे. खडकावर बसायचे. खारकर म्हणायचा, "कुमुद, तुला एक सांगायचं होतं." आणि तेवढ्यात त्याच्या मनगटावरचा वायरलेस वाजायचा. नवीन खून! खारकर उठून जायचा. पुस्तक संपायचं.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी! मी उतरवता उतरवता पेन आपटायची. "भावजी, एकदा तरी बोलू दे की त्याला!" की भावजींचं ठरलेलं उत्तर, "बघू, पुढच्या भागात."

हे त्यांचं पालुपदच होतं. खोलीचा पत्रा गळतोय, दुरुस्त करा. "बघू, पुढच्या भागात." आईचं पत्र आलंय, स्थळ सांगून आलंय, जाऊन या. "पुढच्या भागात, वहिनी." आम्ही हसायचो. हसायला नको होतं, असं आता वाटतं.

आता कुंदाचं सांगते. समुद्रकाठच्या घिवलीहून सकाळच्या एसटीनं मासळीवाल्या बोईसरला येत, त्यातली ही एक. डोक्यावर पाटी, कमरेला घट्ट लुगडं, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी आली की शेवटच्या खोलीतलं मांजर उठायचं. पंचविशीची असेल. आई गेलेली, घरी म्हातारा बाप, होडी थोरल्या भावाकडे. शाळा दहावीपर्यंत झालेली, आणि वाचायचा नाद दांडगा. मी मिरजेची, मला बोंबील धरायचा कुठून तेही ठाऊक नव्हतं. कुंदानंच मला दारात विळी मांडून सगळं शिकवलं.

एके दिवशी बघते तर भावजी पाटीसमोर उभे. माळकऱ्याचा मुलगा, ज्याला कांद्याचासुद्धा संकोच, तो मासळी घेतोय!

कुंदा म्हणाली, "कुठली देव, साहेब?"

भावजी तिच्या कानाशेजारी बघत म्हणाले, "जी बरी असेल ती."

"बरी तं सगलीच हाय. खानार कोन? तुमी?"

"शेजारी देईन."

झालं, तेव्हापासून आमच्या घरात मासळीचा सुकाळ. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी. भावजी दोन बोटांत पुडकं धरून, मान तिसरीकडे करून माझ्या उंबऱ्यावर ठेवायचे आणि आत जाऊन हात धुवायचे. आणि दर वेळेला तेच. "कुठली देव?" "जी बरी असेल ती." कुंदा हसून लोटपोट व्हायची. हे म्हणायचे, "हा माणूस आपल्याला पोसतोय की काय?" मी म्हटलं, "तुम्ही गप जेवा."

मला कळायला एक पुस्तक लागलं. नवव्या भागात डॉक्टर कुमुद हसताना डोक्यावरची चुंबळ सावरल्यासारखा हात वर नेते, असं लिहिलेलं. आता मला सांगा, दोन हजार एकतीस सालची डॉक्टर डोक्यावर चुंबळ कशाला ठेवील? मी कागद फिरवायचा थांबले. मग मागचे भाग काढून बघितले. कुमुदच्या हनुवटीवर तीळ, कुमुदला खोटं बोललेलं लगेच कळतं, कुमुद भाव करू देत नाही. सगळी कुंदाच. अहो, ती सहा पानं कादंबरी नव्हतीच, ती पत्रं होती. भावजी दर भाग छापून आला की एक प्रत कुंदाच्या पाटीत टाकायचे, "वाचून बघा," म्हणून. आणि ती सहा पानं वाचून ती काय म्हणते, याची वाट बघत बसायचे. ती म्हणायची, "खून त्या भटारखान्यावाल्यानं केला तो मला आदीच कललेला." बस्स, एवढंच. भावजी पुन्हा पुढच्या भागाला बसायचे.

एकदा कुंदानं आम्हाला घिवलीला बोलावलं. "आमच्या अंगनात वाचन असतं, या ऐकाला." भावजी, हे आणि मी गेलो. दुपार टळलेली. अंगणात सुकवलेल्या जवळ्याचा, म्हणजे बारीक कोळंबीचा ढीग, भोवती आठ-दहा बायका तो निवडत बसलेल्या. ओट्यावर तिचा बाप जाळं दुरुस्त करत होता. कुंदा मध्ये पाटावर बसून आमचा दहावा भाग वाचत होती. काय वाचायची हो! विचारयंत्राचा आवाज वेगळा, चोराचा वेगळा. बायका निवडता निवडता पैजा लावत होत्या. "मुकादमानंच मारलं गो!" "नाय, त्याच्या सासूनं!" म्हाताऱ्यानं जाळ्यातून मान वर करून विचारलं, "तवा पन दर्या असंल का रं? दोन हजार एकतीसला?" भावजी म्हणाले, "असेल." "मंग ठीक हाय," म्हणून त्यानं पुन्हा सुई चालवली.

गुन्हेगार सापडला. बायकांनी हातातला जवळा खाली ठेवला. आता ती सहा पानं. भावजींची बोटं शर्टाच्या पेनाशी चाळा करायला लागली. कुंदानं पान उलटलं, क्षणभर बघितलं, आणि तीन पानं एकदम पलटून म्हणाली, "आनि मंग वायरलेस वाजला. संपला पुस्तक."

"अगो, मदी काय झाला?" एक म्हातारी ओरडली.

"काय नाय. वारा-बिरा सुटलेला, त्याचाच लिवलाय."

भावजींचा चेहरा बघवेना. तेवढ्यात म्हाताऱ्यानं चेष्टेनं हाक मारली, "काय रं लेखक, तुजा इन्स्पेक्टर मासली खातो का नाय?" बायका हसल्या. भावजी म्हणाले, "अजून तसा प्रसंग आला नाही." म्हातारा म्हणाला, "मंग कसा व्हायचा? जो आमच्या ताटात जेवंल तो आमचा." सगळं अंगण हसत होतं. कुंदा हसली नाही, ती पुस्तकाला कागदाचं कव्हर घालत बसली होती.

परतताना एसटीत भावजी एवढंच म्हणाले, "तिला ती पानं कंटाळवाणी वाटतात, वहिनी."

मी म्हटलं, "मग तोंडानं सांगा. पुस्तक कशाला मध्ये?"

"तोंडानं मला जमत नाही."

"शहाण्णव पानं जमतात आणि चार शब्द जमत नाहीत?"

ते तिकिटाची घडी घालायला लागले. आणि मी पण तेवढ्यावर सोडून दिलं, हे माझं चुकलं. दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटायला हवी होती.

मध्ये प्रकाशकाचं एक पत्र आलं. खारकर-कुमुदचं लग्न लावायचं नाही, लावलंत तर वाचक पुढचा भाग कशाला घेतील? भावजी ते पत्र आठवडाभर खिशात घेऊन फिरले. बाराव्या भागात वायरलेस वाजला. तेराव्यातही वाजला. दोन वर्षं अशीच गेली, आणि माझ्या हातून तीनशे गोल कागद फिरले.

मग एका बुधवारी कुंदा माझ्या दारात मासळी कापत बसली होती. नेहमीची बडबड नाही. मी म्हटलं, "काय गं, घसा बसला?"

"वैनी, रविवारी माजा साखरपुडा हाय. डानूकडचा पोरगा. दोन होड्या हायत. बापूस हो बोलला."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "आणि तू?"

"मी काय बोलू? चांगला हाय पोरगा."

मला राहवलं नाही. म्हटलं, "कुंदे, ती शेवटची सहा पानं तू कधी वाचलीच नाहीस ना?"

तिनं विळीवरून मान वर केली. "कोन बोलला? पयली तीच वाचते. बसमदी. घरी जाईपरत दोनदा वाचून होतात."

"मग अंगणात का टाकलीस?"

"बापसासमोर काय वाचू? आनि सगल्यांना कशाला ऐकवायची? माजी हायत ना ती."

मी खाली बसले. म्हटलं, "बये, मग बोलली का नाहीस काही?"

कुंदा चिडली. तिला तेवढी चिडलेली मी कधी बघितली नव्हती. "काय बोलू? तो खारकर कुमुदला बोलतो, तो पन पुरता बोलत नाय. मला कोन काय बोलला? मी दारात येते, इचारते कुठली देव, तं बोलतो जी बरी असंल ती! बापूस इचारतो, कोन हाय काय मनात? त्याला सांगू काय, पुस्तकानं मागनी घातली?" मग विळी धुवून तिनं पाटी उचलली, आणि जाताना म्हणाली, "एकदा माज्याकडं बगून बोलला असता तं मी बापसाशी भांडली असती. आजून पन भांडंन. पन बोलू दे आदी."

भावजी पाळी संपवून येईपर्यंत मी दारात उभी होते. सायकल टेकवू दिली नाही. सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. अहो, माणसाचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं आता हा तसाच सायकल फिरवून घिवली गाठणार.

भावजी म्हणाले, "म्हणजे तिनं वाचलं!"

"वाचलं हो! आता जा."

"सगळे भाग? कुठला जास्त आवडला म्हणाली?"

देवाशपथ सांगते, हातात लाटणं असतं तर घातलं असतं.

"भावजी, रविवारी साखरपुडा आहे!"

"हो, हो." ते खोलीकडे वळले. "खारकर आता बोलेल, वहिनी. स्पष्ट बोलेल. पुढच्या भागात."

त्यांनी तीन दिवस रजा काढली आणि दार लावून लिहिलं. मी दोनदा दार ठोठावलं, ह्यांनी एकदा. "झालंच, झालंच." शनिवारी संध्याकाळी माझ्या उंबऱ्यावर, जिथं मासळीचं पुडकं ठेवायचे तिथंच, गोल कागदांची चवड ठेवली. "एवढं उतरवून द्या, माझं अक्षर तिला लागायचं नाही." मी फक्त शेवटचा कागद फिरवून फिरवून वाचला. खारकर खडकावर उभा राहतो, मनगटावरचा वायरलेस सोडतो, समुद्रात फेकतो, आणि म्हणतो, "कुमुद, माझ्याशी लग्न कर." भोकाच्या अगदी कडेला ते शेवटचे शब्द होते.

मी म्हटलं, "मी हे उतरवणार नाही. उद्या आमच्याबरोबर यायचं, आणि हे एवढंच वाक्य तिच्या तोंडाकडे बघून म्हणायचं. कुमुदच्या जागी कुंदा. जमेल?"

त्यांनी खिशाचं पेन काढून पुन्हा खोचलं. मग म्हणाले, "म्हणतो."

आता पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सांगत बसायला नको. तो चौदावा भाग कधी छापला गेला नाही. प्रकाशकानं खारकर दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतला, तो वायरलेस पुढे वर्षानुवर्षं वाजत राहिला आणि लोकांनी तो आवडीनं वाचला. भावजी वर्षाच्या आत बदली मागून जळगावकडे गेले. लग्न केलं नाही. दिवाळीला कार्ड यायचं, दोन ओळींचं, सरळ कागदावर. ते गोल कागद माझ्या ट्रंकेत आहेत. आणि कुंदा सुखात आहे. तिची नातवंडं शिकतात. तिचं चांगलंच झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण तो रविवार काही माझ्या डोक्यातून जात नाही.

आम्ही दुपारी घिवलीला पोचलो. मुलाकडचे लोक डहाणूहून टेम्पोनं संध्याकाळी यायचे होते. अंगणात मांडव, आणि लवकर आलेल्या पाहुण्यांची पंगत बसलेली. म्हाताऱ्यानं भावजींना हाताला धरून बसवलं. "लेखक, तुज्यासाठी वरनभात येगला केलाय रं." मी बायकांच्या ओळीत, अगदी समोर. तेव्हा माझ्या लक्षात आलं, भावजींच्या डाव्या मनगटावर घड्याळ नव्हतं. पट्ट्याची पांढरी जागा तेवढी दिसत होती. म्हटलं, चला, आज माणूस ठरवून आलाय.

कुंदा वाढायला आली. नवं लुगडं, अबोलीचा गजरा, हातात परात. अर्ध्या परातीत तळलेले बोंबील, अर्ध्यात हलवा माशाचे तुकडे. ओळीनं वाढत भावजींच्या पानाशी आली. बाकीच्यांनी तिला सांगितलं, त्यांना नको, ते खात नाहीत. ती तिथून हलली नाही. परात घेऊन वाकली आणि हळू म्हणाली, "कुठली देव, साहेब?"

भावजींनी मान वर केली. देवाशपथ, पहिल्यांदाच त्यांनी तिच्या कानाशेजारी न बघता तिच्या डोळ्यांत बघितलं. मी घास हातात धरून बसले होते. ती एवढी जड परात धरून थांबली होती. कारखान्याचा भोंगा वाजला नाही. वायरलेस वाजला नाही. टेम्पो आला नाही, म्हातारा बोलला नाही, मध्ये कुणीसुद्धा आलं नाही.

भावजी म्हणाले, "जी बरी असेल ती."

कुंदा क्षणभर तशीच वाकून राहिली. मग तिनं त्यांच्या पानात दोन बोंबील वाढले आणि पुढच्या पाहुण्याकडे गेली. आणि तो माळकऱ्याचा मुलगा, जन्मात ज्यानं मासळीला बोट लावून हात धुतल्याशिवाय पाणी घेतलं नव्हतं, तो खाली मान घालून ते दोन्ही बोंबील जेवला. पानात काही टाकलं नाही.

म्हातारा मांडवातून ओरडला, "बगा रं, लेखक मासली खातो! आता आमचा झाला!"

सगळं अंगण हसलं.